त्रिकोणात नसलेला प्रकाश

छायाचित्रणाच्या प्राथमिक वर्गांत एक शिरस्ता इतका रूढ झाला आहे की त्याविषयी शंका घेणे हे आडमुठेपणाचे लक्षण समजले जाते. शिक्षक फळ्यावर एक त्रिकोण काढतात, त्याच्या कोनांवर अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ अशी नावे लिहितात, आणि या तिघांचा तोल साधणे म्हणजेच एक्स्पोजर होय, असा निर्वाळा देऊन मोकळे होतात. तोल साधला की नाही हे कोणी ठरवावयाचे, तर कॅमेऱ्यातल्या मीटरने. त्याचा काटा मधल्या शून्यावर स्थिरावला म्हणजे एक्स्पोजर बरोबर, आणि तेथून ढळला म्हणजे चूक. एवढ्यावर न थांबता हा सारा उद्योग जो स्वतःच्या हाताने, म्हणजे कॅमेऱ्याची चकती ‘मॅन्युअल’वर ठेवून, करीत नाही तो छायाचित्रकारच नव्हे, अशी पुस्तीही जोडली जाते. या शेवटच्या मताचा समाचार थोडक्यात घेता येईल, कारण त्यात पोकळ अहंकाराखेरीज फारसे काही नाही. परंतु पहिली दोन मते शिकणाऱ्याचे खरोखरीचे नुकसान करतात, आणि ते नुकसान कसे होते हे तपशिलाने दाखविल्यावाचून ती सुटणार नाहीत.

त्रिकोणाच्या पक्षात जे बोलण्यासारखे आहे ते आधी बोलणे न्यायाचे होईल. एफ/८ आणि १/१२५ सेकंद या जोडीने जेवढा प्रकाश आत येतो तेवढाच एफ/५.६ आणि १/२५० सेकंद या जोडीनेही येतो. छिद्र एक स्टॉप मोठे केले तर वेळ निम्मा करता येतो, आणि आयएसओ दुप्पट केला तर दोहोंपैकी एकाला तितकी सवलत मिळते. ही देवघेव नवशिक्याला कळली पाहिजे यात संशय नाही, आणि त्रिकोणाच्या आकृतीने ती चटकन कळते हेही मी नाकारीत नाही. पण देवघेवीचे कोष्टक निराळे आणि वस्तूची व्याख्या निराळी. कोष्टकालाच व्याख्या म्हणून गळी उतरविले की ज्या गोष्टी कोष्टकात बसत नाहीत त्या अस्तित्वातच नाहीत असे विद्यार्थ्याला वाटू लागते. आणि येथे जी गोष्ट बसलेली नाही ती साक्षात प्रकाश आहे. तीन कोन, तीन नावे, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा त्याचा त्या आकृतीत कोठे मागमूसही नाही! समोरच्या दृश्यावर ऊन किती पडले आहे, ते कोणत्या बाजूने पडले आहे, सावलीत आणि उन्हात अंतर किती आहे, हे पाहण्यासाठी मान वर करण्याची गरजच या शिकवणुकीत उरत नाही. विद्यार्थ्याची दृष्टी जी एकदा चकत्यांवर आणि काट्यावर खिळते ती तेथेच खिळून राहते.

वस्तुतः एक्स्पोजर म्हणजे काय याचा निवाडा होऊन शतकाहून अधिक काळ लोटला आहे. इंग्लंडात तेव्हाच्या लँकेशायरमधील विडनेस येथे क्षारांच्या कारखान्यात नोकरी करणारे फर्डिनांड हर्टर हे रसायनशास्त्रज्ञ आणि व्हेरो ड्रिफील्ड हे अभियंते, असे दोन हौशी गृहस्थ छायाचित्रणाच्या तत्कालीन अंदाजपंचे कारभाराला कंटाळून मोजमापाच्या मागे लागले आणि १८९० साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. काचेवर पडलेल्या प्रकाशाची तीव्रता आणि तो पडत राहिल्याचा काळ यांचा गुणाकार, हे त्यांचे एक्स्पोजर. आणि त्या गुणाकाराच्या प्रमाणात काच किती काळवंडते हे दाखविणारी त्यांची वक्ररेषा आजही त्या दोघांच्या आद्याक्षरांनी ओळखली जाते. या व्याख्येत शटर आहे, कारण काळ त्याच्या हाती असतो. अ‍ॅपर्चर आहे, कारण तीव्रता काही अंशी त्याच्या हाती असते: पन्नास मिलिमीटरच्या भिंगाचे छिद्र एफ/२ वर पंचवीस मिलिमीटर व्यासाचे असते आणि एफ/४ वर साडेबारा मिलिमीटरचे, व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होते, म्हणून दोन स्टॉपचा फरक पडतो. १.४, २, २.८, ४, ५.६, ८ ही आकड्यांची विचित्र दिसणारी माळ दोनाच्या वर्गमुळाने वाढत जाते ती याच कारणाने. आणि या व्याख्येत सर्वांत आधी समोरच्या दृश्याचा उजेड आहे, जो कोणत्याही चकतीच्या हाती नसतो. आयएसओ मात्र या व्याख्येत कोठेच नाही.

याला आपल्याकडचाच दाखला घ्यावा. मुंबईत १८५४ साली छायाचित्रणाची पहिली संस्था स्थापन झाली, आणि डॉ. भाऊ दाजी यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी तिच्या आरंभीच्या कारभारात होती. त्या काळचा छायाचित्रकार ओल्या काचेवर स्वतःच्या हाताने द्रावण चढवीत असे आणि भिंगावरची टोपी काढून मनातल्या मनात सेकंद मोजीत असे. त्याच्या काचेला संवेदनशीलता होती. पण ती फिरविण्याची चकती त्याच्याजवळ नव्हती, आणि तिच्यावाचून त्याचे एक्स्पोजर काही अडून राहिले नाही.

यावर त्रिकोणवाद्यांचे उत्तर ठरलेले असते. ते म्हणतात, तुमची व्याख्या प्रयोगशाळेत ठेवा. व्यवहारात आयएसओ वाढविला की चित्र उजळते, मग त्याला एक्स्पोजरचा घटक म्हणण्यास काय हरकत आहे? हरकत आहे, आणि ती पुस्तकी नाही. डिजिटल कॅमेऱ्यात आयएसओचे काम सुरू होते ते शटर मिटल्यानंतर, सेन्सरवर जो काही प्रकाश पडावयाचा तो पडून झाल्यानंतर. खळ्यावर आलेले धान्य मोजण्यासाठी शेर लहान घेतला तर मापांची संख्या वाढते, धान्य वाढत नाही; आयएसओ वाढविणे म्हणजे शेर लहान करणे. त्याची जी किंमत द्यावी लागते तीही याच दृष्टांतात दिसते, कारण लहान शेर लवकर भरून सांडू लागतो, आणि तसेच वाढविलेल्या आयएसओवर दृश्यातले लखलखीत भाग लवकर पांढरेफटक होतात.

या गैरसमजाचे फळ काय येते ते पाहावयाचे असेल तर एखाद्या लग्नाच्या कार्यालयात जावे. नुकताच वर्ग पूर्ण करून आलेला तरुण हातात चांगला कॅमेरा घेऊन उभा असतो आणि त्याच्या मनावर एक वाक्य कोरलेले असते: आयएसओ वाढविला की नॉइज येतो, तेव्हा तो शंभरावर ठेवावा. कार्यालयातल्या दिव्यांच्या उजेडात, एफ/२.८ एवढे छिद्र उघडून आणि आयएसओ १६०० ठेवून, साधारण १/१२५ सेकंदाचे शटर मिळते. तेवढ्या वेगाने अंतरपाट बाजूला होताच वधूवरांनी एकमेकांकडे टाकलेली पहिली नजर स्थिर टिपता येते. हवेतल्या अक्षता किंचित लांबट दिसल्या तर ते शोभूनच दिसते. आमचा तरुण मात्र आयएसओ १०० सोडीत नाही; म्हणून त्याच्या वाट्याला सोळापट कमी वेगाचे, म्हणजे १/८ सेकंदाचे शटर येते, आणि त्या अष्टमांश सेकंदात वर हलतो, वधू मान वळवते, मामा पुढे सरसावतात आणि अक्षतांच्या पांढऱ्या रेघा होतात. नॉइज नाही, आणि चित्रही नाही.

दुसरा एखादा अधिक सावध असतो. तो शटर १/१२५ वरच ठेवतो, आयएसओही शंभरावरच ठेवतो, काळेकुट्ट चित्र घेतो आणि घरी संगणकावर ते चार स्टॉपने उजळतो. त्याला वाटते की आपण नॉइजला चकविले. पण सेन्सरवर प्रकाश पडला तो आयएसओ १६०० वाल्याच्या सेन्सरवर पडला तेवढाच. आणि नॉइजचे मूळ तेथे आहे, चकतीत नाही. प्रकाश अखंड धारेने येत नाही, कणाकणांनी येतो, आणि तेही पावसाच्या थेंबांसारखे अनियमित. सेन्सरच्या एका पेशीवर दहा हजार कणांची अपेक्षा असेल तेथे शंभरेक कण इकडेतिकडे होतात, म्हणजे शेकडा एक. जेथे शंभराचीच अपेक्षा असेल तेथे दहा इकडेतिकडे होतात, म्हणजे शेकडा दहा. प्रकाश सोळापट कमी झाला की हा गोंधळ प्रमाणाने चौपट वाढतो, मग आयएसओचा आकडा काहीही लिहिलेला असो. उलट कॅमेऱ्याच्या विद्युत्‌मंडलाचा स्वतःचा म्हणून जो थोडा नॉइज असतो तो कित्येक कॅमेऱ्यांत आयएसओ वाढविल्याने तुलनेने कमीच होतो, म्हणजे हा सावध मनुष्य बहुधा अधिक तोट्यात जातो. आयएसओ वाढविल्याने चित्र रवाळ दिसते हा अनुभव खोटा नाही. पण वाढीव आकडा पाहून कॅमेरा कमी प्रकाशावर समाधान मानतो म्हणून ते रवाळ दिसते. ज्याला हे कळले तो अंधारात आयएसओला भीत नाही, आणि उजेड विपुल असेल तेथे तो उगाच वाढवीतही नाही. ज्याला त्रिकोण शिकविला गेला त्याला हे दोन्ही जन्मभर पाठांतराने करावे लागते.

आता मीटरकडे वळू. माझा मुख्य आक्षेप येथे आहे, कारण त्रिकोणाची चूक पुढेमागे अनुभवाने सुधारते, पण शून्याची भक्ती एकदा अंगवळणी पडली की सुटत नाही. कॅमेऱ्यातले मीटर वस्तूवर पडलेला प्रकाश मोजीत नाही, वस्तूकडून परतलेला मोजते. वस्तू स्वतः पांढरी आहे की काळी हे त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक होण्याचा मार्गही नसतो. म्हणून त्याच्या रचनेत एक गृहीत बसविलेले आहे, की समोर जे काही आहे ते सरासरीने मध्यम राखाडी आहे, शेकडा अठराच्या आसपास प्रकाश परतविणारे. काटा शून्यावर आला याचा अर्थ एवढाच की या एक्स्पोजरने समोरची वस्तू मध्यम राखाडी दिसेल. ती तशी दिसावी की नाही याविषयी मीटरने काहीही म्हटलेले नाही. जे त्याने म्हटले नाही ते त्याच्या तोंडी घालणे, आणि वर त्याला ‘बरोबर’ असा शिक्का मारून देणे, हा खोट्या दस्तऐवजाचा प्रकार झाला.

पालखी दिवे घाटात चढत असताना ऊन पडले तर काय होते पाहा. सारी वाट पांढरी झालेली असते: पांढरी टोपी, पांढरा सदरा, पांढरे धोतर, पांढरे फेटे, आणि त्यांच्यामध्ये उन्हापावसाने रापलेले चेहरे. भर उन्हात आयएसओ १०० असता एफ/१६ आणि १/१०० सेकंद एवढे एक्स्पोजर पुरे होते, हा जुना आणि भरवशाचा नियम आहे; फिल्मच्या डबीत येणाऱ्या कागदावरही त्याच अर्थाची चित्रे छापलेली असत. पण स्वच्छ पांढरे कापड शेकडा ऐंशीच्या आसपास प्रकाश परतविते, म्हणजे मीटरच्या गृहीतापेक्षा दोन स्टॉपहून थोडा अधिकच. तेव्हा पांढऱ्यांनी भरलेल्या त्या चौकटीकडे पाहून मीटर १/४०० सेकंदाचा हुकूम सोडते. विद्यार्थी काटा शून्यावर आणतो आणि समाधानाने बटण दाबतो. चित्रात सदरे मळक्या राखेचे होतात, हे एक वेळ चालले असते. पण चेहरा आधीच मध्यम राखाडीहून स्टॉपभर गडद, त्यातून दोन स्टॉप आणखी खाली गेलेला. टोपीच्या कडेखालचे कपाळ, त्यावरचा बुक्का आणि गोपीचंदन, डोळ्यांच्या कोपऱ्यांतल्या सुरकुत्या, हे सारे एका काळपट डागात बुडून जाते. ज्या माणसासाठी चित्र घेतले तो माणूस त्यातून गेला आणि त्याचा सदरा तेवढा राहिला. आणि काटा मात्र शून्यावर आहे!

उलट प्रकार डबक्यात बसलेल्या म्हशींचा. चौकट काळ्या अंगांनी भरली की मीटरला वाटते उजेड कमी आहे. ते प्रकाश वाढविते, म्हशी राखुंडीसारख्या दिसू लागतात आणि पाण्यावरची तिरीप जळून पांढरी पडते.

या ठिकाणी आधुनिक कॅमेऱ्याचे कैवारी हस्तक्षेप करतात. ते सांगतात की हे सारे जुन्या मीटरविषयी खरे होते. १९८३ साली निकॉन एफए या कॅमेऱ्याने चौकटीचे भाग पाडून प्रत्येकाचे वेगळे मोजमाप करण्याची पद्धत आणली, आणि तेव्हापासून ही विद्या इतकी पुढे गेली आहे की आजचा कॅमेरा चेहरा ओळखतो, आकाश ओळखतो, आणि त्याप्रमाणे आपला अंदाज सुधारून घेतो. हे मला मान्य आहे, आणि या शोधाविषयी मला आदरही आहे. पण अंदाज सुधारला म्हणून तो अंदाज असण्याचे थांबत नाही. चेहरा ओळखणाऱ्या यंत्रालाही तो चेहरा चित्रात किती गडद असावयास हवा हे कोणीतरी सांगावे लागते, आणि आजवर ते कोणी सांगितले याचा इतिहास फारसा उजळ नाही. कोडॅकच्या रंगीत प्रती छापणाऱ्या प्रयोगशाळांकडे रंग जुळविण्यासाठी जी नमुन्याची चित्रे दशकानुदशके जात असत त्यांवर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. तिची कांती ठीक उतरली म्हणजे यंत्र ठीक आहे असे धरून जगातल्या बाकीच्या कांतींची वासलात लावली जाई. आपल्याकडे स्टुडिओवाल्यांनी याच न्यायाने कित्येक सावळ्या नवऱ्यामुलींना अल्बमात ओळखू न येण्याइतके उजळून दिले आहे, आणि घरच्यांनी त्याचे पैसेही आनंदाने मोजले आहेत. तेथे काटा दोषी नाही; पण ‘बरोबर’ या शब्दाखाली कोणाची तरी आवड लपून बसलेली असते हे शिकणाऱ्याला कळू नये अशी व्यवस्था मात्र शून्याच्या उपासनेने चोख केलेली आहे.

उपाय अवघड नाही आणि महागही नाही. माणसांच्या अंगाचा वर्ण कोणताही असो, तळहातांचा वर्ण बराच एकसारखा असतो, आणि तो मध्यम राखाडीहून सुमारे एक स्टॉप उजळ भरतो. ज्या उन्हात वारकरी चालत आहे त्याच उन्हात आपला तळहात धरावा, मीटरने तेवढाच मोजावा आणि मिळालेल्या आकड्याहून एक स्टॉप प्रकाश अधिक द्यावा. सदरे पांढरे येतील, चेहरे सावळे येतील. हे करण्यासाठी त्रिकोण लागत नाही. आपण कशाकडे पाहतो आहोत एवढे भान लागते.

या भानाचा सर्वांत प्रसिद्ध दाखला अमेरिकेतला आहे. १९४१ च्या शरदात छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ या खेड्याजवळून मोटारीने जात असता त्यांना डाव्या हाताला क्षितिजावर चंद्र उगवलेला, खाली खेड्याचे छोटे चर्च आणि मावळत्या उन्हात उजळलेले स्मशानातले पांढरे क्रूस असे दृश्य दिसले. गाडी थांबवून त्यांनी घाईघाईने मोठा कॅमेरा उभा केला, आणि मग त्यांना आपले मीटर सापडेना. परंतु पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या पृष्ठाची उज्ज्वलता किती असते हा आकडा, दर चौरस फुटास २५० कँडल, त्यांना मुखोद्गत होता. चंद्र चित्रात मध्यम राखाडीहून दोन स्टॉप उजळ दिसावा असे त्यांनी ठरविले, त्यावरून फिल्मच्या संवेदनशीलतेचा आणि भिंगावरच्या रंगीत काचेचा हिशेब मनात केला, आणि एफ/३२ वर एक सेकंद एक्स्पोजर दिले. दुसरी प्रत घेण्यासाठी फिल्मचा साचा उलटतात तोच क्रूसांवरचे ऊन गेले. या गोष्टीतून स्मरणशक्तीचे कौतुक करण्याकडे लोकांचा कल असतो; मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. प्रथम एक वस्तू निवडली गेली; ती चित्रात किती उजळ असावी हे ठरले; आकडे त्यानंतर आले, आणि ते त्या निर्णयाचे ताबेदार म्हणून आले. खालच्या जमिनीवर प्रकाश कमी पडला, निगेटिव्हचा तो भाग विरळ राहिला, आणि पुढे १९४८ साली अ‍ॅडम्सना तो रसायनाने गडद करून घ्यावा लागला. तो तोटा त्यांनी चंद्रासाठी पत्करला होता. ज्या एक्स्पोजरमध्ये तोटा कोणाच्या पदरी घालावयाचा हे कोणी ठरविलेले नाही, ते फक्त मीटरने केलेले एक्स्पोजर.

यावर मला सांगण्यात येईल की वस्तू किती उजळ दिसावी हे आधी ठरविण्याची ही अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी बसविलेली झोनची पद्धत प्रौढांसाठी आहे, नवशिक्याला ती झेपणार नाही, त्याला आधी एक सोपा नियम देऊन चालते करावे आणि अपवाद मागाहून सांगावेत. हा युक्तिवाद वरकरणी समंजस आहे. परंतु जो नियम दिला जातो तो पुढच्या ज्ञानाची पायरी नसून अडसर असेल तर त्याच्या सोपेपणाचे काय करावयाचे? आमच्या कृष्णधवल चित्रपटांच्या काळात छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी ‘कागज के फूल’ या १९५९ च्या चित्रपटात आरशांनी सूर्यप्रकाश वळवून रिकाम्या स्टुडिओच्या काळोखात जो झोत सोडला, त्या चौकटीचा बहुतेक भाग काळा आहे आणि काळाच राहावयास हवा होता. शून्यावर शिकलेला मुलगा ती चौकट पाहील तेव्हा ती त्याच्या हिशेबी ‘अंडर’ ठरेल, आणि त्याच्या शिक्षकाने त्याला दुसरे म्हणण्याची काही सोयच ठेवलेली नाही.

राहिली गोष्ट मॅन्युअलची. याविषयी जो धाक घातला जातो त्याची कीव येते. चकती मॅन्युअलवर ठेवून मनुष्य काय करतो? तर मीटरकडे पाहून शटर फिरवितो, काटा शून्यावर येईपर्यंत फिरवितो, आणि थांबतो. स्वयंचलित पद्धतीत हेच काम कॅमेरा त्याच मीटरकडे पाहून त्याच शून्यापर्यंत करतो, पण निमिषार्धात करतो. दोहोंत निर्णय एकच आहे, आणि तो दोन्ही वेळा मीटरचा आहे. फरक इतकाच की पहिल्या प्रकारात मीटरच्या कचेरीत एक बिनपगारी कारकून नेमला गेला. उलट जो स्वयंचलित पद्धत चालू ठेवून, समोर पांढरे विपुल आहे हे ओळखून, कॉम्पेन्सेशनची चकती दीड स्टॉप अधिककडे फिरवितो, त्याने मीटरचा निवाडा फिरविला. खरे कर्तृत्व त्याचे आहे. रंगमंचावरच्या एकाच स्थिर दिव्यात, स्टुडिओत, किंवा रात्रीच्या आकाशाखाली मॅन्युअलची सोय मोठी आहे, ती मी स्वतः वापरतो. ती सोय आहे; तिला शौर्यपदक समजण्याचे कारण नाही.

‘संगणकावर सगळे दुरुस्त होते, मग एवढा काथ्याकूट कशाला’ असे म्हणणारा एक तिसराच पक्ष अलीकडे प्रबळ होऊ लागला आहे. त्याच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. पारदर्शिकेच्या फिल्मवर जेमतेम पाच स्टॉपचे अंतर नीट मावत असे. आजचा चांगला सेन्सर बारा-तेरा स्टॉप सामावून घेतो, आणि रॉ फाइलमध्ये प्रत्येक पेशीच्या उजेडाच्या चार हजारांपासून सोळा हजारांपर्यंत पायऱ्या नोंदविल्या जातात, जेपेगमध्ये त्या अवघ्या २५६ उरतात. म्हणून काळोखात गेलेले पुष्कळसे परत आणता येते, वर सांगितलेल्या नॉइजच्या मोबदल्यात. पण जी पेशी भरून वाहून गेली तिच्यात नंतरच्या प्रकाशाची नोंदच झाली नाही. त्या पांढऱ्यातून नऊवारीच्या जरीचे नक्षीकाम काढून देणारा संगणक निघालेला नाही, आणि कोणी ते काढून दाखविलेच तर ते त्याच्या कल्पनेतले असेल, त्या नऊवारीतले नसेल. म्हणजे दुरुस्तीची सोय जितकी मोठी, तितकाच हा प्रश्न शटर दाबण्यापूर्वी विचारणे अगत्याचे होते, की या दृश्यातली अतिशय उजळ अशी कोणती वस्तू मला गमावून चालणार नाही. तिला काठापर्यंत येऊ द्यावे, सांडू देऊ नये, आणि तो काठ शून्याच्या उजवीकडे असो की डावीकडे, तेथे थांबावे. मोबाइलचा कॅमेरासुद्धा अनेक लहान एक्स्पोजर एकापाठोपाठ घेऊन एकत्र करतो तो याच कारणासाठी, एकूण प्रकाश वाढावा आणि उजळ भाग सांडू नये म्हणून. त्याच्या घडवणाऱ्यांनी व्याख्येकडे नीट लक्ष दिलेले आहे.

प्राथमिक वर्गाच्या पहिल्या तासाविषयी माझी तजवीज विचाराल तर ती अशी आहे. आयएसओ कॅमेऱ्यावर सोपवून द्यावा, अ‍ॅपर्चर आणि शटर यांची नावेही त्या दिवशी काढू नयेत. एक धुतलेली पांढरी चादर आणि एक काळी घोंगडी एकाच उजेडात शेजारी शेजारी टांगावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने दोहोंचे एकेक चित्र, चौकट तेवढ्याच एका वस्तूने भरून, काटा शून्यावर ठेवून घ्यावे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की चादर कोणती आणि घोंगडी कोणती हे विणीवरूनच काय ते ओळखावे लागेल, कारण रंग दोहोंचा एकच, राखेचा, आलेला असेल. मग कॉम्पेन्सेशनची चकती दाखवून विचारावे, की चादर पांढरी आणि घोंगडी काळी यावी म्हणून ती कोणत्या बाजूस फिरवाल. पुष्कळ जण उलट उत्तर देतात. पांढरे म्हणजे आधीच उजेड फार, तेव्हा तो कमी करावयास हवा, असे त्यांना वाटते, आणि घोंगडीच्या बाबतीत ते अधिककडे हात नेतात. त्यांना तसे फिरवू द्यावे, चित्र घेऊ द्यावे, आणि चादर आणखी काळवंडलेली त्यांनी स्वतः पाहिली की मग दुसऱ्या बाजूस फिरविण्यास सांगावे.